राहू दे, मी करते

फोन वाजला तेव्हा सुनेच्या एका हातात किसणी होती, दुसऱ्या हातात साबणाची वडी आणि नजर मुंगीवर. मुंगी म्हणजे तिची अडीच वर्षांची लेक. फरशीवर जे सापडेल ते मुंगी आधी तोंडात घालायची आणि ते काय आहे याचा विचार नंतर करायची, म्हणून हे नाव. बोलत मात्र ती अजून नव्हती. खालच्या मजल्यावरचा तिच्याहून लहान मुलगा पाहुण्यांना "बसा ना" म्हणायचा, आणि त्याची आई ही बातमी जिन्यात भेटेल त्याला द्यायची. सुनेला तर रोज भेटायची.

मुंगी फरशी चाटते, हे लक्षात आलं त्या दिवशी सुनेनं घरातल्या सगळ्या उग्र वासाच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि कॉलेजात शिकलेलं रसायनशास्त्र पहिल्यांदाच कामाला लावलं. वाळवलेली लिंबाची सालं, खायचा सोडा, किसलेला साधा साबण आणि आणखी एक गोष्ट, जी ती कुणाला सांगत नसे. त्यातून जी पावडर झाली तिनं आधी चहाचा डाग घालवला, मग शाईचा, मग सासऱ्यांच्या कॉलरवरचा तो डाग, जो त्यांच्या निवृत्तीच्या समारंभापासून होता आणि ज्याच्याविषयी त्यांना थोडी मायाही वाटत असावी.

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला होता, "ताई, उंदराच्या औषधाचा कप्पा रिकामा झालाय. सोमवारी माल आणून लावा. खपला तर कप्पा तुमचा. नाही आणलात, तर मेणबत्तीवाला दारात उभाच आहे."

तो कप्पा सुनेला हवा होता. किती हवा होता हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याचं कारण स्वयंपाकघरातच होतं आणि दिवसभर बोलत होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सुनेनं एकही काम शेवटापर्यंत नेलं नव्हतं. कांदा चिरायला घेतला, अर्धा झाला, की मागून आवाज यायचा, "राहू दे, मी करते." कपड्यांची बादली उचलली, की, "राहू दे, मी करते." आवाजात राग नसायचा, प्रेमही नसायचं. दार लावून घेताना जसा कडीचा आवाज होतो, तसा तो आवाज. मग सासूबाई ते काम करायच्या आणि संध्याकाळी गुडघे चोळत म्हणायच्या, "या वयातही सगळं मलाच बघावं लागतं." ही दोन वाक्यं एकाच तोंडातून, एकाच दिवशी कशी निघतात, हे सुनेला उलगडलं नव्हतं. पावडर मात्र सासूबाईंनी हाती घेतली नव्हती. "असले उपद्व्याप मला येत नाहीत बाई," असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती, आणि म्हणूनच ती पूर्ण झाली होती.

राहिलं होतं ते नाव. सासरे आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, "निष्कलंक! अर्थ आहे, संधी आहे, जोडाक्षर आहे. आणखी काय हवं?"

नवरा म्हणाला, "बाबा, दुकानात उभं राहून कोण म्हणणार निष्कलंक? क्लीनोमॅक्स ठेवू. ऐकल्यासारखं वाटतं."

"ऐकल्यासारखं वाटतं तर दुसऱ्या कुणाचं तरी असेल," सासरे म्हणाले.

"आई, तुमचं काय मत?" सुनेनं सासूबाईंना विचारलं.

"मला कोण विचारतं!" विचारलेल्या सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या मनात एकच शब्द होता. लख्ख. पावडर पहिल्यांदा जमली तेव्हा तो आपोआप तिच्या तोंडून निघाला होता. वाद तीन दिवस चालला. शेवटी नवरा छापखान्यात जाऊन लेबलाचं माप, रंग, कागद सगळं सांगून आला आणि म्हणाला, "नावाचं तेवढं तूच सांग त्याला. तो फोन करेल. पावडर तुझी, बोलणीही तूच खा."

तर आता तो फोन वाजत होता.

सुनेनं किसणी ठेवली, फोन घेतला. हात साबणाचे, म्हणून स्पीकर लावून तो ओट्यावर उभा केला. पलीकडे मशीनचा खडखडाट होता आणि त्याच्यावर ओरडणारा छापखानेवाला. "ताई, बाकी सगळं जुळवून ठेवलंय! नाव काय घालू?"

सुनेनं "ल" म्हणण्यासाठी जीभ टाळ्याला लावली. त्याच क्षणी मुंगीनं टेबलक्लॉथचं टोक ओढलं आणि दुधाचं अख्खं पातेलं फरशीवर आलं.

"एक मिनिट हं!" म्हणून सून धावली. तिनं आधी मुंगीला उचललं, पोळली नाही ना ते पाहिलं, दूध गार होतं हे आठवूनही पुन्हा पाहिलं, मग फडकं घेऊन खाली बसणार, तोच सासूबाई आल्या.

"राहू दे!"

"राहू दे?" ओट्यावरून फोननं विचारलं. पण मुंगी रडत होती आणि नळ चालू होता.

"अगं, राहू दे म्हटलं ना!" सासूबाई म्हणाल्या.

"बरं, बरं. मोठ्या अक्षरात ना? आणि खाली काही ओळ घालायची का?"

"मी करते," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेच्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"छान! आणखी काही?"

"तुला जमायचं नाही ते!"

"वा," छापखानेवाला म्हणाला. "वेगळं आहे." आणि त्यानं फोन ठेवला.

सून मुंगीचे कपडे बदलून आली तेव्हा फोन गप्प होता. लाइन तुटली असेल, करेल परत, असं तिला वाटलं. परत फोन आला नाही. तिनं केला तर तो उचलला गेला नाही, कारण मशीन चालू असताना छापखानेवाल्याला फक्त मशीन ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी नवरा सहज म्हणाला, "नावाचं झालं म्हणे. जाताना विचारलं मी. खूश होता."

"कुठलं नाव?"

"म्हणजे? तुम्ही सांगितलंत ना घरून?"

घरून सांगितलं, आणि तिनं तर सांगितलं नव्हतं. सुनेनं हिशोब केला. नवऱ्यानंच जाता-येता क्लीनोमॅक्स सरकवलं आणि आता साळसूदपणे विचारतोय. ती त्याच्याशी दोन दिवस फक्त मुंगीमार्फत बोलली. "मुंगे, बाबांना सांग, टॉवेल दोरीवर आहे." मुंगी काहीच सांगायची नाही, त्यामुळे नवरा ओलाच फिरत राहिला. त्याला वाटलं, बायकोनं लख्ख सांगून टाकलं आणि आता तिला अपराधी वाटतंय, म्हणून ती बोलत नाही. त्यानं मोठ्या मनानं तिला माफ केलं. सासऱ्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं, तेव्हा निष्कलंक झालं असं गृहीत धरून ते आनंदात होते.

शनिवारी गठ्ठा आला. नवऱ्यानं सुतळी कापली, कागद उलगडला आणि तो नुसता बघत राहिला.

"वाच की," सासरे म्हणाले. "जोडाक्षर नीट आलंय ना?"

नवऱ्यानं वाचलं. "राहू दे."

"राहू दे काय? वाच!"

"बाबा, वाचतोय. राहू दे. खाली, मी करते. त्याखाली, तुला जमायचं नाही ते." तो थांबला. "उद्गारचिन्ह आहे."

कुणी काही बोलण्याआधी सुनेनं छापखान्यात फोन लावला. या वेळी मशीन बंद होतं.

"अहो, हे काय छापलंत?"

"का ताई? काना-मात्रा चुकली का?"

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच घरून की! बाईमाणूस होतं. काय ठसका आवाजात! मी म्हटलं, राहू दे? तर म्हणाल्या, म्हटलं ना राहू दे! परत विचारायची आपली छाती नाही झाली. आमच्या आईची आठवण आली, खरं सांगतो."

सुनेनं हळूच मान वळवली. सासूबाई ओट्याशी चहा गाळत होत्या. तिला ते पातेलं आठवलं, ते फडकं आठवलं, आणि शब्द न् शब्द जागच्या जागी जाऊन बसला. ती म्हणाली, "बरं. ठेवते," आणि फोन अगदी अलगद खाली ठेवला, जणू त्यातून आणखी काही सांडेल.

सासूबाईंनी हात पुसले, चष्मा लावला, एक लेबल उचललं आणि लांब धरून वाचलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"कुणाच्या डोक्यातून आलं हे?" त्या म्हणाल्या. "काय ही बोलायची पद्धत! तुला जमायचं नाही ते! विकत घेणाऱ्या बाईला असं तोंडावर म्हणायचं? इतकं तुसडं कुणी कुणाशी बोलतं का?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि ते उलटं आहे हे दिसूनही तसंच धरलं. नवरा सुतळी गुंडाळायला लागला.

"आपल्या घरात तरी नाही बाई कुणी असं बोलत," सासूबाई म्हणाल्या. "हो ना गं?"

"हो ना," सून म्हणाली.

नवी लेबलं छापायला आठवडा लागला असता, आणि मेणबत्तीवाला दारात उभा होता. रविवारी सगळ्यांनी बसून पुड्या भरल्या. सुनेनं पहिल्या लेबलाला खळ लावायला घेतली, तर सासूबाई पुढे आल्या. "राहू दे, मी करते," त्या म्हणाल्या, आणि तेच वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं पुडीवर चिकटवलं, कडा अंगठ्यानं नीट दाबून. नवरा खोकत गॅलरीत गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

सोमवारी कप्पा भरला. सून मुंगीला कडेवर घेऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. उगाच नाही, मुंगीला गाड्या दाखवायला. दुकानदाराच्या काउंटरवरचं सगळं तिथून दिसायचं आणि बरंचसं ऐकूही यायचं.

पहिल्या बाईनं कप्प्याकडे बोट केलं. "ते काय आहे हो नवीन?"

"राहू दे," दुकानदार म्हणाला.

"का? दाखवा की."

"अहो, तेच. राहू दे."

"दाखवायचंच नाही तर मांडलंत कशाला?" म्हणून बाई निघून गेली.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाव ठाऊक होतं. ती खालच्या मजल्यावरची, जिन्यातली शेजारीण होती. तिनं काड्यापेटी, साखर, बिस्किटं घेतली आणि म्हणाली, "आणि राहू दे."

"काय राहू दे? बिस्किटं?"

"बिस्किटं नाही हो, राहू दे!"

"मग साखर?" म्हणून दुकानदारानं साखर मागे ओढली. बराच वेळ साखर काउंटरवर पुढे-मागे होत राहिली. शेजारीण फक्त काड्यापेटी घेऊन गेली.

दुपारी दुकानदाराला युक्ती सुचली. 'राहू दे' असा शब्द कानावर आला की प्रश्न न विचारता पुडी द्यायची. युक्ती चांगली होती, पण त्या दुकानात हा शब्द किती वेळा उच्चारला जातो याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. "पिशवी राहू दे," म्हणणाऱ्याला पुडी. "बिल राहू दे," म्हणणाऱ्याला पुडी. एक म्हातारा गृहस्थ पाय घसरून दारात बसला, उठवायला धावलेल्यांना "राहू दे, राहू दे" म्हणाला, त्याला दोन पुड्या. संध्याकाळपर्यंत कप्पा रिकामा झाला. सून फुटपाथवरून हे बघत होती. हा माल खपलेला नव्हता, तो लोकांच्या घरात नजरचुकीनं शिरला होता, आणि उद्या सगळा परत येणार होता.

दुसऱ्या दिवशी ती भीत भीत दुकानात गेली. काउंटरशी चार-पाच बायका होत्या, सगळ्यांच्या हातात पुड्या होत्या.

"परत करायच्यात का?" तिनं हळूच विचारलं.

"परत?" त्यातली एक बँकेत काम करणारी होती, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. "अहो, आणखी एक हवीय! मी काल पिशवीत बघितली आणि म्हटलं, अगबाई, ही तर माझी सासू! मग चिडून म्हटलं, बघू तर खरं, काय करतेस. तर डाग गेला हो!"

"माझी तर जाऊबाई," दुसरी म्हणाली. "नेमकी तशीच बोलते. फक्त ही पुढे काम करते."

"मी नवऱ्याच्या शर्टांवर ठेवलीय," तिसरी म्हणाली. "तुला जमायचं नाही ते, असं कुणीतरी त्याला छापून द्यायलाच हवं होतं."

आणि सगळ्या जणी अशा हसल्या, की दुकानदारानं पंखा वाढवला. "ताई," तो सुनेला म्हणाला, "मेणबत्तीवाल्याला मी सांगितलं, दुसरं दुकान बघ."

पुढच्या महिन्यात नावाला तीन जन्मकथा फुटल्या. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत, की आज्ञार्थ आणि संमती यांचा असा संगम मराठीतच होतो, आणि हा विचार आपल्या मनात फार वर्षं घोळत होता. नवरा ऑफिसात सांगायचा, की गिऱ्हाइकाला डिवचायचं, हे नवं तंत्र आहे, आपण वाचलेलं. छापखानेवाला आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, की मीच सुचवलं. खरी हकिकत एकट्या सुनेला माहीत होती. सासूबाई मात्र अजूनही अधूनमधून विचारायच्या, "ते अगोचर नाव ठेवलं कुणी, कळलं का गं?" आणि सून म्हणायची, "चौकशी चालू आहे."

चौकशी मुंगीनं संपवली.

त्या दिवशी सून कपाटाच्या वरच्या फळीवरून मोठं पातेलं काढत होती. सासूबाई नेहमीप्रमाणे मागून म्हणाल्या, "राहू दे, मी करते." कोपऱ्यात बसलेली मुंगी उठली. दुडुदुडु भरलेल्या पुड्यांपाशी गेली, त्यातली एक दोन्ही हातांनी उचलली, आजीसमोर येऊन उभी राहिली आणि पुडी वर करून म्हणाली, "लाऊदे."

सुनेच्या हातून पातेलं सुटलं. "बोलली! आई, मुंगी बोलली!"

घर गोळा झालं. सासऱ्यांनी शब्दात र आणि ह नाहीत, पण अर्थ शाबूत आहे, असा निर्वाळा दिला. नवऱ्यानं फोनवर रेकॉर्ड करायला सहा वेळा म्हणवून घेतलं. सून रडली. पहिला शब्द 'आई' असेल, अशी वाट बघत तिनं दीड वर्ष त्या तोंडाकडे डोळे लावले होते, आणि शब्द निघाला तो डाग घालवायच्या पावडरीचा. पण शब्द तो शब्द. ती मुद्दाम खालच्या मजल्यावर साखर मागायला जाऊन आली.

सासूबाईंनी मुंगीच्या हातून पुडी घेतली होती. हातातल्या पुडीकडे बघत होत्या. चष्मा न लावताही त्यांना आता ती वाचता येत असावी. त्यांनी त्यानंतर पुन्हा कधी नाव ठेवणाऱ्याची चौकशी केली नाही.

खरा घोटाळा पुढे झाला. मुंगीला हा खेळ फार आवडला. आजी "राहू दे" म्हणाली, की मुंगी पुडी घेऊन हजर. सून भांडी घासायला बसली, "राहू दे", पुडी. सून खिडक्या पुसायला लागली, "राहू दे"; पुडी. एकदा पाहुण्यांसमोर तीन पुड्या मांडीत येऊन पडल्या आणि पाहुण्यांनी आदरानं विचारलं, "तुम्हीच विकता का?" सासूबाईंनी "असू दे" म्हणून बघितलं, पण त्यात धार नव्हती. "सोड" म्हणून बघितलं, तर सुनेनं काचेची बरणी खरंच सोडली. "थांब" म्हटलं, तर मुंगी थांबायची आणि सून काम करत राहायची. इतकी वर्षं हाताशी असलेली एकच गोष्ट, आणि ती आता दुकानात कप्प्यावर मांडलेली, कुणीही उचलून न्यावी अशी.

एका संध्याकाळी सुनेनं रात्रीच्या भाजीसाठी कांदा चिरायला घेतला. अर्धा झाला. मागे पावलं वाजली, थांबली. सुनेला त्या आवाजाची वाट पाहायची सवयच होती, तिची सुरी आपोआप मंदावली.

"रा..." सासूबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात मुंगीनं मान वर केली. उठायच्या तयारीत दोन्ही हात जमिनीवर टेकले.

सासूबाईंनी मुंगीकडे पाहिलं. पुड्यांकडे पाहिलं. तोंडातून निघालेलं अक्षर परत घेता येत नव्हतं.

"रा... रात्री जेवायला काय करू या म्हणतेस?" त्या म्हणाल्या.

सुरी थांबली. असा प्रश्न या ओट्याशी कुणी तिला विचारला नव्हता. "तुम्ही म्हणाल ते," एवढंच ती म्हणाली, आणि उरलेला कांदा घाईघाईनं, कुणाचं मन बदलायच्या आत, शेवटच्या कापापर्यंत चिरून टाकला. जाडाभरडा झाला. सासूबाईंनी तो पाहिला. ओठ हलले. पण मुंगी बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. हात कांद्याचे, म्हणून सुनेनं स्पीकर लावला. मशीनचा खडखडाट आला.

"ताई, नवीन लेबलं छापायला घेतोय! तुम्ही नाव बदलायचं म्हणत होतात ना? लख्ख का काय ते! बदलू का?"

सासूबाई भिंतीकडे तोंड करून उगाचच एक स्वच्छ पेला धूत होत्या. नळ मात्र त्यांनी बंद केला होता.

"राहू दे," सून म्हणाली.

"म्हणजे बदलायचं राहू दे, का नाव राहू दे?"

"दोन्ही."

"आणि खालची ओळ?"

सुनेनं उत्तर द्यायच्या आत तिच्या गुडघ्याला काहीतरी टेकलं. तिनं खाली पाहिलं. मुंगी पुडी वर धरून उभी होती, आणि या वेळी ती आजीसाठी आणलेली नव्हती.